धावू नका, लंगडी घाला

“धावू नका, लंगडी घाला,” असं म्हणत बाई काठी फरशीवर आपटायच्या. एक ठोका लांब, एक आखूड. आणि मी, पंचेचाळिशीची, दोन मुलांची आई, दिवसभर चाकणच्या कंपनीत बिलं पास करून आलेली, पियानोवर बोटांनी लंगडी घालत बसायची.

तुमच्यापैकी कुणी कासारवाडीला राहत असाल तर बाई नक्की पाहिल्या असतील. सुती साडी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी रिक्षा थांबवायला. चिंचवडच्या एका शाळेत त्या पीटीच्या बाई होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणायची, आणि कुणाची पाठ वाकलेली दिसली की त्या जिन्यातच हटकायच्या.

मी त्यांच्या घराच्या बरोबर वरच्या मजल्यावर. संध्याकाळी कंपनीची बस सोडायची, मी कणीक मळायला घ्यायची आणि खालून बाईंच्या पियानोवर ते सुरू व्हायचं. उड्या मारत, मध्येच गिरकी घेत, हसू आवरत नसल्यासारखं. रोज तीच एक चीज. एकदा डोकं ठणकत होतं, तेव्हा कणकेच्या हातांनी तशीच खाली गेले. म्हटलं, “बाई, जरा हळू वाजवता का?”

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. “बोटं लांब आहेत की तुमची. हात धुऊन या.”

झालं. तक्रार राहिली बाजूला, मी शिकायलाच बसले.

तो पियानो शाळेनं भंगारात काढलेला. फार पूर्वी शाळेत गोव्याचे एक म्हातारे मास्तर तो वाजवायचे. कवायतीच्या त्याच त्या चालीचा कंटाळा आला की ते ही चीज छेडायचे आणि मुलं रांगा मोडून नाचायची. त्यांनीच ती बाईंना शिकवली, मग ते गावी निघून गेले. या प्रकाराला हाँकी-टाँक म्हणतात. तिकडे परदेशात म्हणे हे गुत्त्यांमध्ये वाजायचं. “गुत्ता काय आणि मधली सुट्टी काय, गोंधळ तोच,” बाई म्हणायच्या.

पियानोच्या बऱ्याच पट्ट्या बोबड्या बोलायच्या. सूर लावणारा एक माणूस मी पुण्याहून बोलावला, तर बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवला. “बोबडंच असू दे हो. मूल स्पष्ट बोलायला लागलं की त्यातली मजा गेली.”

माझी अडचण वेगळी होती. डाव्या हाताचा ठेका जमायचा, उजव्या हाताची धून जमायची, पण दोन्ही एकत्र आले की माझ्या घरातल्या दोन कार्ट्यांसारखे भांडायचे. शिवाय मी सगळं सारख्या मापानं वाजवायची. बाई म्हणाल्या, “हे टायपिंग झालं. चला खाली.” आणि खाली पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर, त्यांनी मला खरोखरची लंगडी घालायला लावली. “पाय टेकतो तिथे रेंगाळा. उडी लगेच संपवा. हां, हेच बोटांत आणा.” त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, म्हणून ठोके काठीचे. वॉचमनकाका दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, “ताई, तब्येत बरी हाय ना?”

आता तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप कशासाठी? बाईंचा त्यात स्वार्थ होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. “मास्तर गेल्यापासून ही चीज मी फक्त वाजवली आहे. ऐकलेली नाही. मला एकदा गॅलरीत खुर्ची टाकून, पाय लांब करून ती ऐकायची आहे.”

“रेकॉर्ड करू ना,” मी म्हटलं.

“त्यात मला माझ्या चुका तेवढ्या ऐकू येतात. स्वतः केलेली पुरणपोळी कधी गोड लागते का? वासानंच पोट भरतं. कुणीतरी केलेली हवी. तुम्ही करा.”

दिवाळीनंतर त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे नाशिकला निघाल्या. घराची किल्ली माझ्या हातात दिली. “येईपर्यंत हातांचं भांडण मिटवा. आल्यावर मी थेट गॅलरीत जाणार.”

मी रोज खाली जाऊन बसायला लागले. घरच्यांना दोन वेळा खिचडी खायला लागली, पण एका संध्याकाळी माझे हात खरंच एकत्र चालले. मी तशीच नाशिकला फोन लावला. ऑपरेशन नीट झालं होतं, आवाज ठणठणीत होता. म्हटलं, “बाई, जमलं. ऐकवू का?”

“फोनवर नको. मी येतेच आहे.”

पुढच्या आठवड्यात त्यांना ताप आला. तो उतरलाच नाही. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते आणि सगळ्यांसमोर रडले.

घराचं काय करायचं ते ठरेपर्यंत किल्ली माझ्याकडेच आहे. संध्याकाळी खाली जाते, गॅलरीचं दार उघडते, बाईंची खुर्ची बाहेर ठेवते आणि वाजवते. बरी वाजते आता चीज. पण मला ती ऐकू येत नाही. ठेका सांभाळण्यात आणि पुढची पट्टी शोधण्यात ती संपूनच जाते. बाई खरं बोलत होत्या.

मलाही ती ऐकायची आहे, बाईंच्या हातची. वर्षानुवर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात रोज आपणहून येत होती आणि मी डोकं धरून तक्रार करायला खाली गेले होते.

वाजवून झालं की कुलूप लावून वर येते. कणीक मळायला घेते. खालून काही येत नाही.