नात्यावर मिळणारा व्हिसा

माझ्या थोरल्या दिरांशी मी लग्न झाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं. आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, अशी पद्धत. काही सांगायचं झालं तर मध्ये कोणाला तरी घ्यायचं. सासूबाई होत्या तोवर मी त्यांना म्हणायची, 'त्यांना सांगा, ताट वाढलंय.' दीर तिथंच हाताच्या अंतरावर बसलेले असायचे, ऐकायचे, पण सासूबाईंनी पुन्हा सांगेपर्यंत उठायचे नाहीत. माहेराहून, वळसंगहून निघताना आईनं मला हे नीट शिकवून पाठवलं होतं. शाळा चौथीत सुटली, ही शाळा सुटली नाही.

मग ते अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले. जायच्या आधी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या या दोन खोल्यांवरचा हक्क त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मालकांना सोडून दिला. कचेरीत सही करून आल्यावर चहा पिताना म्हणाले, 'मला काय करायचंय या दोन खोल्यांचं.' त्या वेळी सगळ्यांना ते मोठ्या मनाचे वाटले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचे फोन यायचे. त्या गेल्या तेव्हा ते आले नाहीत. माझे मालक गेले तेव्हाही आले नाहीत. मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, आणि दाखवणार तरी कशी?

मागल्या दिवाळीनंतर ते आले. बरोबर बायको. पहिली तिकडंच वारली होती. ही दुसरी, तिकडचीच, गोरी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण नात्यानं थोरली जाऊ. मी पाया पडायला वाकले तर ती घाबरून मागं सरकली. दोन बॅगा समोरच्या खोलीत आल्या. मी समजले, पंधरा दिवस राहतील.

ते कायमचे आले होते. हे मला कोणी सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना ते जे सांगायचे, ते मी आतून ऐकायची. तिकडं म्हातारपणी दवाखान्यातच सगळा पैसा जातो, म्हणून नोकरी सुटल्यावर त्यांनी बरेच देश बघितले होते. थायलंडला म्हणे वय झालेल्या माणसाला बँकेतली शिल्लक दाखवली की वर्षावर्षाचा व्हिसा मिळतो, पण दर वर्षी तेच करत बसायचं. दुसऱ्या कुठल्या देशात पेन्शन बघतात, पण तिथली भाषा कोण शिकणार? आपल्या देशात मात्र परदेशी म्हाताऱ्याला नुसतं येऊन राहायचा व्हिसाच नाही. 'इथं नातं लागतं,' ते म्हणायचे आणि मांडीवर थाप मारायचे. त्यांचा जन्म इथला, म्हणून त्यांना जन्मभराचं कार्ड मिळालं होतं. बायकोला तसं कार्ड लग्नाला दोन वर्षं झाल्यावर मिळणार. तोवर तिनं त्यांची बायको म्हणून मुदतीच्या व्हिशावर राहायचं, आणि ती मुदत संपत आली की वाढवून घ्यायची.

नातं लागतं. हे वाक्य ऐकलं त्या दिवशी मी चुलीपुढं बसून कडक भाकऱ्या शेकत होते, आणि एक भाकरी माझ्याकडून जळाली. आई मरताना लागलं नाही, भाऊ मरताना लागलं नाही, व्हिशाला लागलं.

समोरची खोली माझी पोट भरायची खोली होती. तिच्या मधोमध जमिनीत दगडी उखळ पुरलेलं होतं, सासूबाईंच्या सासूच्या वेळचं. त्यात मी शेंगाची चटणी कुटायची आणि पेठेतल्या दोन दुकानांत द्यायची. मुसळाखाली दाण्याला तेल सुटलं पाहिजे, तर ती सोलापूरची चटणी. दिरांना त्या आवाजाचा त्रास व्हायला लागला. मग एके दिवशी त्यांनी बायकोच्या हातात मिक्सरचं खोकं देऊन तिला माझ्याकडं पाठवलं. ती खोकं पुढं करून म्हणाली, 'चटणी.' मराठीतले तिला आठ-दहा शब्द येत होते, त्यातला हा एक. मी ते खोकं फळीवर ठेवलं.

ती आल्यापासून मध्ये घ्यायला मला तीच होती. चार दिवसांआड नळाला पाणी यायचं तेव्हा मी तिच्याकडं तोंड करून म्हणायची, 'तुमच्या मालकांना सांगा, पाणी आलंय.' तिला काही कळायचं नाही, ती मान हलवायची. ज्यांना कळायचं ते खुर्चीतून हलायचे नाहीत. पिंप मीच भरायची. शेजारच्या पद्मशाली घरातली सासू माझी चेष्टा करायची, 'बरी भिंत मिळाली की गं तुला बोलायला.' भिंतच होती ती. पण भिंत उठून बादलीला हात तरी लावायची.

मग गवंडी आला. दीर दारात उभे राहिले. मी पदर ओढून भिंतीकडं तोंड केलं. ते म्हणाले, समोरची जमीन उखडलेली आहे, फरशी बसवून घेतो, बायकोचा पाय मुरगळेल, काही अडचण नाही ना? मी काही बोलले नाही. ते बाहेर जाऊन गवंड्याला म्हणाले, 'चालू कर, तिची हरकत नाही.'

थोरल्या दिरासमोर बाई गप्प असते, ते होही नसतं आणि नाहीही नसतं. ती नुसती गप्प असते. हे तिकडच्या बाईला कळलं नसतं तर मी समजू शकले असते. हे तर याच घरात वाढलेले. त्यांच्या आईला मध्ये घालून मी त्यांना किती वर्षं जेवायला वाढलं. मी दुकानात चटणी पोचवून परत आले तोवर उखळात खडी भरून वर सिमेंट ओतलेलं होतं. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या, गुळगुळीत फरश्या बसल्या. मी मागच्या पत्र्याखाली मिक्सर लावून बघितला. त्यात दाण्याचा भुगा झाला, चटणी झाली नाही. एका दुकानदारानं ती परत पाठवली.

मोडनिंबला माझी लेक असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'आई, घर तुझ्या नावावर हाय. तू बोल की.' मी म्हटलं, कुणाला सांगून बोलू? ती चिडली. 'कुणाला सांगून न्हाय. त्यांना बोल.' मला तिचाही राग आला. तिच्या घरी दीर नाही.

जावेच्या व्हिशाची मुदत संपत आली तशी दिरांची धावपळ सुरू झाली. भिंतीवरच्या खिळ्याला लावलेलं लाईटबिल त्यांनी मला न विचारता काढून नेलं. पाहुण्यांशी चाललेल्या बोलण्यातून मला कळलं की परदेशी माणूस कुठं राहतो ते बघायला पोलीस घरी येणार, आणि घर ज्याचं आहे त्याला विचारणार. ते म्हणत होते, 'तो काही प्रश्नच नाही, घरचीच बाई आहे.' त्याच बैठकीत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. एकदा हे काम झालं की मागच्या खोलीत कमोड आणि गरम पाण्याचं करून घेणार. मागच्या खोलीत मी झोपते. मी कुठं झोपायचं, ते पाहुण्यांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

हवालदार आला तो उन्हातून आला होता. दारात बूट काढून फरशीवर आला आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. जावेनं त्याला पाणी दिलं. मी मधल्या दाराच्या आड होते.

त्यानं घर कुणाचं म्हणून विचारलं. दीर म्हणाले, आमचंच. त्यानं बिल बघितलं आणि म्हणाला, 'ह्यावर बाईंचं नाव हाय की.'

'माझ्या धाकट्या भावाची बायको,' दीर म्हणाले. 'ती माझ्यासमोर बोलत नाही. आमच्याकडं पद्धत आहे. तिची काही हरकत नाही, लिहा तुम्ही.'

पद्धत त्यांना आठवत होती. उखळ बुजवायच्या दिवशी तेवढी विसरली होती.

'साहेब, त्यांनी सांगावं लागतंय,' हवालदार म्हणाला, आणि त्यानं दाराकडं बघितलं. 'बाई, हे दोघं तुमच्याकडं ऱ्हायला तुमची हरकत न्हाय ना?'

मी सवयीनं जावेकडं तोंड केलं. 'तुमच्या मालकांना सांगा' एवढं तोंडात आलं होतं. ती पासपोर्ट छातीशी धरून माझ्याकडं बघत होती. काय विचारलं गेलं, तिला कळलं नव्हतं. तिला सांगून काय उपयोग? मी दारातून बाहेर आले आणि त्या फरशीवर उभी राहिले. डोक्यावर पदर होता, तो तसाच राहू दिला.

'हरकत हाय,' मी म्हटलं.

दीर हसले. हवालदाराला म्हणाले, तिला प्रश्न कळला नाही.

मग मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी बघितलाच नव्हता. माझ्या मालकांसारखंच नाक होतं, आणि त्याचाही मला राग आला. 'तुमच्या ऱ्हायला हरकत हाय, भावजी. हिच्या ऱ्हायला न्हाय. ही ऱ्हाऊ दे हितं. तुमचं जल्मभराचं कार्ड हाय, तुमी कुटंबी ऱ्हावा.'

हवालदारानं रुमालानं तोंड पुसलं. 'तसं होत न्हाय, बाई. ह्यांचा व्हिसा नवऱ्याच्या नात्यावर हाय. नवरा जितं, तितं ह्या.'

नात्यावर म्हणजे असं, हे मला ठाऊक नव्हतं. मी जावेकडं बघितलं. ती अजून हसायचा प्रयत्न करत होती. मीही या घरात कोणाच्या तरी मागून आले होते, तेव्हा माझंही कुठं काही लिहिलेलं नव्हतं. मी कदाचित तिच्यासाठी पाऊल मागं घेतलं असतं.

तेवढ्यात दीर म्हणाले, 'बघितलंस? कळत नाही तर बोलू नये. चौथी शिकलेल्या बाईनं कायद्यात पडू नये. मी या घरातला थोरला आहे.'

'हक्क सोडताना बी थोरलेच हुता की,' मी म्हटलं. आणि हवालदाराला सांगितलं, 'दोघांच्या बी ऱ्हायला हरकत हाय. लिवा.'

त्यानं ते लिहिलं. मग पाणी संपवलं आणि बूट घातले. दिरांनी त्याला रस्त्यापर्यंत जाऊन समजावलं, पण तो थांबला नाही.

आठवड्यात ते विजापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. तिथल्या घरमालकानं लिहून दिलं आणि जावेचं काम झालं, असं पुढं कानावर आलं. पेठेत मात्र अजून बोलतात की मी थोरल्या दिराला हाकललं. शेजारची सासूसुद्धा महिनाभर माझ्याशी जपून बोलत होती. बोलू देत. मी त्यांना हाकललं नाही असं मी कुठं म्हणते?

त्याच गवंड्याला बोलावून मी मधली फरशी फोडून घेतली. त्यानं छिन्नी मारताना उखळाची कड एका बाजूनं उडवली. खडी निघाली, पण तळाला सिमेंट चिकटलं होतं. मी ते पहारीनं खरवडलं, पुन्हा पुन्हा धुतलं, जोंधळे कुटून टाकून दिले. तरी पहिल्या चटणीत कचकच लागलीच. ती गुरांनाही घालता आली नाही. दुसरीत थोडी कमी लागली.

एका दुपारी मी कुटत असताना दीर रिक्षातून आले. छताचा पंखा त्यांनी बसवला होता, तो न्यायचा होता. जाऊ मागं उभी होती. ते उंबऱ्यावर थांबले आणि माझ्याकडं न बघता बायकोला मराठीत म्हणाले, 'तिला सांग, पंखा न्यायला आलोय.'

जाऊ एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली.

'मी हितंच हाय,' मी म्हटलं. 'मला सांगा की.'

त्यांनी वर पंख्याकडं बघितलं. मी मुसळ खाली ठेवलं नाही. पंखा खोलीच्या मधोमध होता आणि त्याच्या खाली मी बसले होते. शेवटी त्यांनी स्टूल मागितलं, जावेकडं. मी बोटानं कोपरा दाखवला. ते चपला काढून आत आले आणि उखळाला वळसा घालून कोपऱ्याकडं गेले.