काठावर चालू, पाण्यात बंद

बोटीचं मशीन बंद पडल्यावर धरणावर जी शांतता पसरायची, ती मला अजून ऐकू येते. तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, तू कधी चुकीच्या माणसाला धरलंस का? धरलं होतं. नावं सांगणार नाही, बाकी घडलं तसं लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकजवळच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. हद्दीत धरण होतं. काही टोळकी विहिरी फोडायच्या जिलेटिनच्या कांड्या पाण्यात उडवून मासे मारत. त्यात एकाचा हात गेला, तेव्हा आम्हाला एक बोट मिळाली. तिच्या मागे पेट्रोलचं मशीन होतं, दोरी ओढून सुरू करायचं. ते चालवायला रोजंदारीवर एक नावाडी घेतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याला कायम करावं असा प्रस्ताव मी वर पाठवला होता. त्या वयात दुसरी नोकरी त्याला मिळणार नव्हती.

दिवाळी जवळ आली होती. एका आठवड्यात आमचे तीन छापे फसले. बोट दहा मिनिटं नीट चालायची आणि ऐन मध्यावर आचके देऊन थांबायची. नावाडी दोरी ओढून घामाघूम व्हायचा आणि टोळीवाले सावकाश जाळी गुंडाळून निघून जायचे. एकदा त्यांच्यातला एक जण लांबून म्हणाला, "मॅडम, वल्हं देऊ का?"

मग खबऱ्याचा फोन आला. नावाडी त्या लोकांना मिळालेला आहे, म्हणाला.

खात्री करायला मी मेकॅनिक बोलावला. बोट काठाला बांधलेली होती. त्याने टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं, पेट्रोल हुंगलं, प्लग पुसला, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मशीन सुरू झालं आणि अर्धा तास चालू राहिलं. म्हणजे खोट मशीनमध्ये नाही, माणसात आहे, असं मी ठरवलं. प्रस्ताव मागे घेण्याचं पत्रही टाइप करायला दिलं.

चौकशी माझ्या खोलीत दोन तास चालली. खोटं बोलणाऱ्याकडे बहुधा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. हा माणूस मात्र "मला नाय कळत, मॅडम" एवढंच म्हणत होता. टोळीत आपला चुलतभाऊ आहे, हेही त्याने न विचारता सांगितलं. शेवटी म्हणाला, "एकडाव माझ्या हातांवर नजर ठिवून बोटीत बसा. बंद पडली तर मंग बेड्या घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसले. दहाव्या मिनिटाला मशीन बंद पडलं. मी सारा वेळ त्याच्या हातांकडे बघत होते. हातांनी काही केलं नव्हतं. मग मेकॅनिकने जे जे केलं ते मी त्याला त्याच क्रमाने करायला सांगितलं. झाकण फिरवताच फुस्स करून हवा आत गेली. मशीन लगेच सुरू झालं. झाकण लावलं, तर थोड्या वेळाने पुन्हा बंद.

मी झाकण उन्हात धरलं. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणावर बारीक भोक असतं. ते हळदकुंकवाच्या वाळलेल्या थराने बुजलं होतं.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होते. बंदुका, बेड्या, जीप यांच्याबरोबर त्या वर्षी हे मशीनही मांडलं होतं. पूजा प्रभारी अधिकाऱ्याने करायची. झाकणाच्या बरोबर मध्यावर, अनामिका ओली करून, तो टिळा मीच लावला होता.

मी गणवेशावरच्या नावाच्या पट्टीची पिन काढून त्याच्या हातात दिली. तो थांबला. "काढू ना, मॅडम? कुंकू हाय म्हून इचारतो."

काढा, म्हणाले. परतताना मी त्याला माझं चुकलं म्हणून सांगितलं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "नीट बसा मॅडम, बोट हालती."

ठाण्यात हवालदार म्हणाले, तांत्रिक बिघाड लिहून टाकू. मी स्टेशन डायरीत खरं कारण लिहिलं, स्वतःच्या हुद्द्यासकट, आणि ते पत्र फाडलं. पुढच्या वर्षी तो कायम झाला.

मशीन मी काठावर तपासलं होतं आणि माणूस खोलीत. दोघांचं काम पाण्यावर होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ज्याच्यावर संशय आला त्याला आधी त्याच्या कामाच्या जागी जाऊन पाहिलं, मगच समोर बसवलं.