टाकीवरची तीन बोटं

डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या आप्पांना आपल्या मोटारसायकलवरचे ओरखडे पहिल्यांदाच दिसले. मोतीबिंदू होता तोवर गाडी त्यांच्या लेखी नवीकोरी होती. पट्टी निघाली, ते बोरीला घरी आले, अंगणातली काळी टाकी पाहिली आणि शेजाऱ्यावर संशय घेऊन मोकळे झाले. मग मांजरावर. मग गॅरेजवाल्यावर. हे सगळं मला आईनं फोनवर सांगितलं, कारण आप्पा माझ्याशी बोलत नाहीत.

बोलत नाहीत म्हणजे भांडण आहे असंही नाही. मी परभणीत नोकरीला लागले आणि माझ्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं. काही दिवस घराचं दार बंद होतं, ते आईनं हळूहळू उघडलं. आता मी जाते, जेवते, मुक्काम करते. पण मला काही विचारायचं असलं की आप्पा आईला विचारतात, मी समोर बसलेली असताना. "हिला भाजी पायजे का म्हनावं." आई म्हणते, "तिला कान हायत." मला तिथं हसू येतं. परतीच्या वाटेवर मात्र ते हसू टिकत नाही.

तर आई फोनवर बोलत असताना मागून आवाज आला, "तिच्याकडं ते घासायचं मशीन हाय म्हनं." मी लगेच रविवारी येते म्हटलं.

मशीनचा नाद मला एका प्रश्नामुळं लागला होता. ओरखडा जातो म्हणतात, तर तो नेमका जातो कुठं? शोधत गेल्यावर कळलं की तो कुठंच जात नाही. रंगावर एक पारदर्शक थर असतो, ओरखडा त्यात असतो. मशीननं आजूबाजूचा थर खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, की ओरखडा उरतच नाही. म्हणजे दुरुस्ती म्हणून आपण झीजच करतो, फक्त सारखी करतो. मला हे फार आवडलं. हात बसवला नवऱ्याच्या स्कूटरवर. तिच्या एका कडेला मी जास्त वेळ रेंगाळले आणि थर, रंग सगळं पार होऊन खालचं करडं अस्तर दिसायला लागलं. ते परत येत नाही. नवरा अजून त्या कडेला 'तुझी सही' म्हणतो. आप्पांच्या टाकीवर अशी सही करून चालणार नव्हतं. आमच्यातलं जे काही थोडंफार शिल्लक होतं, ते त्या टाकीवर होतं.

रविवारी गाडी शेडच्या सावलीत घेतली. धुतली, टाकीवरची पांढरट भुकटी निघाली, मऊ कापडानं टिपली, कडांना चिकटपट्टी लावली आणि मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघायला बसले. सगळीकडं बारीक गोल ओरखड्यांचं जाळं होतं. ते कोरड्या फडक्याचं काम, ते मला ओळखता येतं. पण टाकीच्या वरच्या बाजूला आणखी काहीतरी होतं. तीन ओळी, एकीखाली एक, सारख्या अंतरावर, डावीकडून उजवीकडं गेलेल्या. मांजराला तीन नखं नसतात आणि शेजाऱ्याला एवढी शिस्त नाही. मी माझी तीन बोटं त्या ओळींवर ठेवून पाहिली. ओळी माझ्या बोटांपेक्षा रुंद होत्या.

आई चहा घेऊन आली तेव्हा तिला दाखवलं. तिनं नुसती एक नजर टाकली. "विभूती हाय ती. सकाळी लिंगपूजा झाली की कालची खांद्यावरच्या दस्तीनं पुसतेत, मग नवी लावतेत."

"गाडीला? कधीपासून?"

"तू गेल्यापसून. आदी रोज तुला लावायचे न्हाई का, शाळंला जाताना? मग कालिजला जाताना. हाताची सवय, कुठं तरी लावावं लागतंय."

चहा मी तसाच खाली ठेवला. विभूतीचा ओला थंड पट्टा कपाळावर कसा हळूहळू सुकत ताणायचा, ते मला एकदम आठवलं. मी विसरले होते असं नाही, पण त्या बोटांचं पुढं काय झालं असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एरवी मला सगळे प्रश्न पडतात.

मशीन सुरू केलं. पॅडवर पॉलिशचे ठिपके, हलका दाब, सावकाश उभं आणि मग आडवं. पुसायचं, टॉर्च धरायचा, परत. जाळं विरत गेलं आणि काळ्या रंगात शेडचे पत्रे दिसायला लागले. मग आप्पांचा चेहरा दिसला. ते केव्हा मागं येऊन उभे राहिले होते कोण जाणे. तीन ओळी फिक्या झाल्या, पण पुरत्या गेल्या नाहीत. टाकीला हात लावून पाहिला तर गरम होती. मी मशीन बंद केलं.

"आजून एक हात मार म्हनावं," आप्पा म्हणाले. आई आत होती. त्यांच्या ते उशिरा लक्षात आलं.

"न्हाई जमणार आप्पा. थर पातळ झालाय."

ते टाकीवर वाकले. "कशानं पडलं ते?" हे सरळ मला विचारलं होतं.

खोटं बोलणं सोपं होतं. मांजर होतंच. देवाच्या गोष्टीत मी, आणि तेही जातीबाहेर लग्न केलेली मी, काय बोलणार? पण मला विचारलं होतं. मी म्हटलं, "विभूतीचा दोष न्हाई. ती मऊ असती. पण टाकीवर रस्त्याची धूळ बसती, तिच्यावरनं तुमची बोटं फिरतेत, वरून कोरडी दस्ती. रोज."

ते वळून आत गेले. रात्री जेवताना मला काही वाढायला त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नाही. मी मुकाट्यानं मांजराचं नाव घ्यायला हवं होतं, असं वाटत मी पडून राहिले.

सकाळी ड्यूटीला निघायचं म्हणून बॅग खांद्याला लावून अंगणात आले. पूजा आटोपून आप्पा बाहेर आले, कपाळावर पट्टे, उजव्या हाताची तीन बोटं ओली, पांढरी. सवयीनं गाडीकडं गेले. बोटं टाकीवर टेकणार तेवढ्यात थांबले. टाकीत त्यांना स्वतःचा हात दिसत असावा. मग वळून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बोटं तशीच हवेत होती.

"मग आता कुठं लावू?"

मी केस मागं सारले आणि कपाळ पुढं केलं.