सहा गोधड्यांची लेबलं

लेबल लावायची अट मीच घातली होती, त्यामुळे पुढं जे झालं ते निस्तरणंही माझ्याच गळ्यात आलं. नारायणगावचे एक कापड दुकानदार आमच्या राजुरीच्या गोधड्या दुकानात ठेवायला तयार झाले. म्हणाले, "वहिनी, कोपऱ्यात आमच्या दुकानाचं लेबल लावू." मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "शेठ, टाके आम्ही घालायचे, बोटं आमची सोलायची, अन् नाव तुमचं? जिनं शिवली तिचं नाव लागेल. जमत असेल तर बोला." त्यांनी डोकं खाजवलं आणि हो म्हणाले. मात्र लेबलं छापील आणि एकसारखी पाहिजेत, आणि शुक्रवारी माल तयार हवा.

शिवणाऱ्या आम्ही तिघी. मी, माझी चुलत जाऊ आणि सासूबाई. सासूबाईंच्या सहा गोधड्या होत्या, अन् खरं सांगते, त्यांच्यापुढं आमच्या दोघींच्या काहीच नाहीत. एवढं वय झालं तरी त्यांची टाक्यांची ओळ कधी वाकडी जात नाही.

छपाईवाल्याला नावं द्यायची म्हणून मी तिघींची आधार कार्डं कपाटातून काढली आणि फोटो पाठवून दिले. त्यात विचारायचं काय? पांढऱ्या सॅटिनच्या पट्ट्या छापून आल्या. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी कौतुकानं वाचून दाखवलं. "आत्या, हे बघा तुमचं नाव." त्यांनी पट्टी उजेडाला धरून बघितली, "बरं" म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

लेबल लावणं दिसतं सोपं, पण सॅटिन लई निसटतं. चारी कडा आत दुमडायच्या, आधी कच्चा टाका घालायचा, मग बारीक शिवायचं, नाहीतर धुण्यात कोपरा उचलतो. बुधवारी मी तपासायला घेतलं, तर सासूबाईंच्या सहाही गोधड्यांवर लेबल कोरं. छापील बाजू खाली गेलेली. नजरेला दिसलं नसेल म्हणून मी चरफडत सगळी उसवली आणि सुलटी लावली. दुपारभर मान मोडली. गुरुवारी सकाळी बघते तर सहाही पुन्हा उलटी.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "आत्या, उद्या शेठ येणार. हा कसला हट्ट?"

त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ते माझं नाव न्हाई."

"आधार कार्डावर तेच आहे की."

"आसंल. तुझ्या सासऱ्यानं लग्नात तांदळावर लिवलं व्हतं ते. मला कुनी इचारलं न्हाई. पंधरा वर्सं माहेरी, लोणीत, माझं येगळंच नाव व्हतं. आन् गोधडी मी तिथंच शिकले, आईच्या हाताखाली. ह्या घरानं मला टाका शिकवला न्हाई."

मग त्यांनी ते नाव सांगितलं. तीस वर्षं मी ह्या बाईबरोबर एका घरात राबतेय आणि ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. मला शरम वाटली. शेठला मोठ्या तोंडानं सुनावणारी मी, घरातल्या बाईला साधं विचारलंही नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांच्या गोधड्यांवर आहे.

छपाईवाल्यानं फोनवर आठ दिवस सांगितले. मी फोन ठेवला, जुन्या धोतराच्या सहा पट्ट्या फाडल्या, पेननं अक्षरं काढली आणि लाल दोऱ्यानं साखळी टाका भरायला बसले. जाऊ म्हणाली, "अगं, एवढं कोण बघतंय? छापलेलं राहू दे."

"मी बघतेय," मी म्हटलं.

तिसऱ्या पट्टीला सुई बोटात घुसली, पाचवीला मान धरली. पण सहा झाल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवलंच होतं. सासूबाई समोर बसून एकेक भरलेली पट्टी लावत गेल्या. ह्या वेळी एकही उलटी लागली नाही.

शुक्रवारी शेठ टेम्पो घेऊन आले. त्या सहा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वहिनी, छापील ठरलं होतं. ह्या बाकीच्यांत मिसळत नाहीत."

"नाही मिसळत," मी म्हटलं. "ह्या अशाच जातील. नाहीतर माझ्याही राहू द्या इथंच."

इतक्या खटपटीनं मिळालेलं दुकान मी हातानं घालवतेय, हे मला कळत होतं. पण शब्द मागं घेणार नव्हते. शेठनं एक गोधडी उलगडली आणि टाक्यांवरून बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाले, "ठीक आहे. चढवा टेम्पोत."

कोणाच्या कोणत्या ते कळावं म्हणून ते ओट्यावर उभं राहून लेबलं वाचत एकेक गोधडी टेम्पोवाल्याकडं देऊ लागले. जाऊच्या गेल्या, माझ्या गेल्या. मग त्यांनी लाल अक्षरांतलं ते नाव मोठ्यानं वाचलं.

सासूबाई आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज एकदम थांबला.

"ओ," त्या आतून म्हणाल्या, "आले."