निर्मला अक्कांनी वाचवलेली बाटली

निर्मला अक्का नसत्या, तर माझी सुमी आज नसती. हे आधी लिहिते, बाकीचं मग. दीड महिन्यापूर्वी सासूबाई भाजी न घेताच बाजारातून परत आल्या आणि म्हणाल्या, अक्का गेल्या... मी तेव्हा थंडीनं गोठलेली खोबरेलाची बाटली भिंतीवर उन्हात ठेवत होते.

मी वेंगुर्ल्याकडची. सहावीतून शाळा सुटली, लग्न होऊन धुळ्याला आले. इथं भाजीला शेंगदाण्याचं तेल, खोबरेल फक्त केसांना. माझ्या माहेरी मात्र बाळाला न्हाऊ घातलं की कोमट खोबरेलाचे दोन थेंब नाकात, दोन कानात. सुमी दोन महिन्यांची असताना ऐन पौषात तिला सर्दी झाली. नाक मोकळं होईना म्हणून मी तीन दिवस पुन्हा पुन्हा तेल सोडत राहिले. चौथ्या दिवशी ताप, खोकला आणि श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या.

अक्का दवाखान्यात नर्स, दोन घरं सोडून राहायच्या. त्यांनी पोरीला उचललं, तिच्या तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, नाकात काय घातलंस? मी म्हटलं, काही नाही. सासूबाई समोर उभ्या होत्या. लांबून आणलेल्या सुनेनंच नात आजारी पाडली असं झालं, तर मी जायचं कुठं? अक्कांनी त्यांना रिक्षा बघायला पाठवलं आणि इथल्या बोलीत हळूच म्हणाल्या, "आते सांग, माय. डॉक्टरले खरं सांगनं पडी."

मी सांगितलं. तेल श्वासाबरोबर छातीत उतरलंय हे डॉक्टरांना त्यामुळेच पटकन कळलं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. बाराव्या दिवशी सुमी असं खणखणीत रडली, की शेजारच्या खाटेवरच्या बायाही हसल्या.

घरी सासूबाईंना कळायचं ते कळलंच. त्यांनी बाटली फेकायला उचलली, तर अक्कांनी ती हातातून काढून घेतली. "तेलना काय दोष शे? बठ्ठं आंगले लावा. नाकमा, कानमा एक थेंब नको." मग रोज उन्हात पातळ झालेलं तेच तेल सगळ्या अंगाला लावून सुमीची उललेली कातडी मऊ झाली. ते पाहून माझ्या सासऱ्यांना, आबांना वाटलं, हे तर औषधच! सकाळी उपाशीपोटी दोन चमचे प्यायला लागले. अक्कांनी त्यांनाही सोडलं नाही. "आबा, तुमनी छाती दुखस ना? मग? पोटमा गयं म्हणजे तेल ते तेलच." आबांनी चमचा गुपचूप ठेवून दिला. कधीमधी माझ्या हातच्या माशाच्या कालवणात तेवढं चालवून घ्यायचे.

पुढं अक्कांनी बाळंतिणींच्या बैठकीत मला उभं केलं होतं. तुझ्या तोंडून सांग, म्हणाल्या. एवढ्या बायका पाहून मी पदर ओढून पुन्हा खाली बसले. अक्कांनीच सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. हळूहळू आमच्या गल्लीत बाळांच्या नाकात तेल घालणं बंद झालं.

यंदा दिवाळीआधी जळगावला सुमीचा कबड्डीचा शेवटचा सामना होता. अक्का काठी टेकत आल्या. सुमी एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत आत शिरली, तिघींना बाद केलं, चौथीनं पाय धरला तरी दम तुटू दिला नाही आणि रेषेला हात लावला. सामना जिंकला! सगळे सुमीकडे पळाले. अक्का मात्र माझा हात दाबून एवढंच म्हणाल्या, "दम पाह्य पोरना..."

बाटली रोज सकाळी भिंतीवर ठेवते. तेल वितळेपर्यंत त्यांच्या दाराकडं नजर जातेच. अक्का, आता गल्लीत दोघी पोटुश्या आहेत. पुढच्या बैठकीत मी उभी राहीन, खाली बसणार नाही. माझं नाव घेऊन सांगेन, चूक माझी होती हेही सांगेन. तुमचे उपकार मी असेच फेडणार.