गुडघ्यामागचा पट्टा

रुहीचा मेसेज आला तेव्हा मी केलीव्हिलच्या घरी, लॅपटॉपचा कॅमेरा बंद करून, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. ‘काका, बाबा डाइड धिस आफ्टरनून. आई कान्ट टॉक राइट नाऊ.’ एवढंच. पंधरा वर्षांच्या मुलीने बाप गेल्याचं दोन ओळींत कळवलं, आणि ते वाचून मी काय केलं, तर मीटिंग संपेपर्यंत थांबलो. वीस मिनिटं. मधे कुणीतरी काही विचारलं, त्याला ‘नो वरीज, आय विल फॉलो अप’ असं उत्तरही दिलं. मिलिंद गजभियेबद्दल लिहायला बसलो आहे, तर सुरुवात इथूनच करणं भाग आहे, कारण या लेखात मी काही फार चांगला मित्र दिसणार नाही.

तो गिरावीनला राहायचा, माझ्यापासून गाडीने वीस मिनिटांवर. पण त्या महिन्यांत सिडनीचे दोन तुकडे झाले होते. लॉकडाऊन सगळ्यांनाच होता, त्यांच्या बाजूला जरा जास्त होता. तिकडे डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं, पोलीस दारावर येऊन माणसं घरात आहेत ना ते बघून जायचे. आमच्याकडे लोक कॉफीचा कप हातात धरून कुत्री फिरवत होते. मिलिंद एका अन्नधान्याच्या वेअरहाउसमध्ये मालाची तपासणी करायचा. ते काम घरून होत नाही. तिथेच त्याला लागण झाली. पहिल्या दिवशी फोनवर म्हणाला, “अबे काही नाही बे, नुसता खोकला होऊन राहिला.” पाच दिवस घरी, बारा दिवस हॉस्पिटलमध्ये... आणि संपलं. अंत्यसंस्काराला दहाच माणसांची परवानगी होती. संगीताने, म्हणजे त्याच्या बायकोने, फोन केला. “भाऊजी, दहा जणांत तुमचं नाव धरलंय. याल ना?” मी माझ्या बायकोच्या दम्याचं कारण सांगितलं. दमा आहे तिला, खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. मी लॅपटॉपवर पाहिलं सगळं. भंतेजी दुसऱ्या उपनगरातून ऑनलाइन त्रिशरण म्हणत होते आणि आवाज सारखा तुटत होता.

आमची ओळख पेंडल हिलची. स्टेशनजवळ भारतीय किराण्याची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत आम्ही चार विद्यार्थी राहायचो. मी ठाण्याचा, तो नागपूरचा. त्याचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आईने घर चालवलं. दुकानदारांसाठी ती शाळेची दप्तरं शिवायची. मिलिंद सहावी-सातवीत असल्यापासून मशीनवर बसायचा, आणि हे तो आम्हाला अगदी सहज सांगायचा, कौतुकानेही नाही आणि लाजूनही नाही. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूची पँट त्यानेच आखूड करून दिली. हाताने. दुसऱ्या दिवशी ती बघून एचआरच्या बाई म्हणाल्या की तू फार नीटनेटका दिसतोस. नोकरी मिळाली.

युनिव्हर्सिटीत असताना मी सुपरमार्केटमध्ये शिफ्ट करायचो आणि तो एका बर्फाच्या रिंकवर साफसफाई. ऑस्ट्रेलियात बर्फावर हॉकी खेळतात हे मला त्याच्यामुळे कळलं. रिंकवर एकदा एका गोलीचा, म्हणजे गोलकीपरचा, हातमोजा अंगठ्याशी फाटला. नवा मागवायचा तर कॅनडातून दोन महिने लागणार. मिलिंद म्हणाला, मला द्या. घरी आणला, रात्रभराचं काम समजून बसला आणि तासाभरात उठला. “सोपं आहे बे. दप्तराच्या कोपऱ्यासारखंच तर आहे.” त्यानंतर रिंकवरचा प्रत्येक फाटका हातमोजा, प्रत्येक उसवलेलं पॅड त्याच्याकडे यायला लागलं. पुढे पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली, लग्न झालं, गिरावीनला घर घेतलं, तर त्या घरात गाडी कायम बाहेर उभी असायची. गॅरेजमध्ये चामडं शिवायचं जुनं मशीन होतं, दोऱ्याची रिळं होती, आणि शनिवार-रविवार तो स्वतः होता.

रुही नऊ वर्षांची झाली आणि गोली व्हायचंय म्हणाली. गोलीच्या दोन्ही पायांना जाडजूड पॅड असतात, मांडीपासून घोट्यापर्यंत. या खेळात चेंडूऐवजी चकती असते, ती अडवायला गोली गुडघ्यांवर खाली बसते तेव्हा ते पॅड पायाभोवती वळायला हवं. मागचे चामड्याचे पट्टे ते वळू देत नाहीत, मग गुडघा पिरगळतो. मोठ्या माणसांना सवय होते, लहान मुली रडतात. रुही रडली. मिलिंदने तीन महिने घेतले. दप्तराचा बंद खांद्यावरून सरकतो पण निसटत नाही, तसं त्याला हवं होतं. आत लवचीक पट्टी, बाहेर न ताणली जाणारी, आणि मधे सरकणारी एक कडी. एका शनिवारी त्याने मला बोलावून घेतलं, रुहीला गॅरेजच्या फरशीवर वीस वेळा गुडघ्यांवर बसवलं आणि म्हणाला, “बघ. वळलं नं?” मी मोबाइलवर फोटो काढला. पोरगी हसतेय, बाप जमिनीवर आडवा पडून तिच्या गुडघ्याकडे बघतोय. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. तारखेसकट.

पुढच्या वर्षी रिंकवर परदेशी कोच लोकांचं शिबिर झालं. त्यात हॉकीचं सामान बनवणाऱ्या एका कॅनेडियन कंपनीचा माणूस होता आणि एका अमेरिकन कंपनीचाही. या खेळात कॅनडा आणि अमेरिका म्हणजे आपल्याकडे क्रिकेटला भारत-पाकिस्तान. रिंकच्या कॅफेत त्यांची फायनल लागली की निम्मे लाल जर्सीत आणि निम्मे निळ्या. मिलिंद कुणाच्याच बाजूने नसायचा, तो फक्त दोन्ही गोलींच्या गुडघ्यांकडे बघायचा. कंपन्यांचंही तसंच, एकीने काही काढलं की दुसरी सहा महिन्यांत तेच काढणार. त्या कॅनेडियन माणसाने रुहीचे पॅड पाहिले, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि एक जोडी मागितली. मिलिंदने दिली. भेट म्हणून! वर खोक्यात घालून, कागद गुंडाळून दिली. अमेरिकन माणसाने मागितलं नाही, त्याने नुसते फोटो काढले. घरी येताना गाडीत मिलिंद एकदम म्हणाला, “माझ्या मायच्या दप्तराचा बंद कॅनडाले चालला, सुन्या.” इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मग तीन-चार वर्षांनी करोना आला. रिंक बंद, शाळा बंद. त्या रिकाम्या दिवसांत एकदा रुहीने इंटरनेटवर नवीन पॅडची जाहिरात पाहिली आणि ओरडली, “बाबा, दॅट्स अवर स्ट्रॅप!” कॅनेडियन कंपनीची होती. थोड्याच दिवसांत अमेरिकन कंपनीचीही आली, तोच पट्टा, कडीचा रंग वेगळा. आणि मग कॅनेडियन कंपनीने अमेरिकन कंपनीवर केस केली, की आमची कल्पना चोरली. मिलिंद हसत सुटला होता. हसू ओसरल्यावर त्याने दोघांनाही ईमेल लिहिली. कॅनडातून उत्तर आलं नाही. अमेरिकन कंपनीच्या वकिलाचं आलं, फार गोड. मिस्टर गजभिये, आपली साक्ष आम्हाला मोलाची वाटते. म्हणजे काय, तर पट्टा कॅनडावाल्यांचा नाही एवढंच त्याने सांगायचं. मिलिंदचा आहे, हे कुणालाच सिद्ध करायचं नव्हतं. त्याला ते कळत होतं. “पण कागदावर तर येईल नं माझं नाव,” तो म्हणाला. “कुठंतरी.”

वकिलाला आणखी एक साक्षीदार हवा होता, शिबिराच्या आधी तो पट्टा पाहिलेला. मिलिंदने मला फोन केला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. माझ्या ऑफिसात तेव्हा दर आठवड्याला कुणी ना कुणी कमी होत होतं, कोर्टाच्या कागदांत नाव नको असं मला वाटलं. आमची कंपनी हॉकीचं काही बनवत नाही. कुणाला कळलंही नसतं. दोन दिवसांनी मी त्याला म्हटलं, “यार, आत्ता नको रे, टाइम बरोबर नाहीये. तू आहेस ना, तुझंच सांगणं पुरेसं आहे.” फोटो तरी पाठव, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला नाही म्हणून मी पाठवला नाही.

पहाटे सहाला, तिकडच्या वेळेशी जुळवून, त्याची साक्ष झाली. इस्त्रीचा शर्ट घालून तो गॅरेजमध्ये लॅपटॉपसमोर बसला. हे पुढचं सगळं त्यानेच मला सांगितलं, हसत हसत, आणि त्याचं ते हसू मला अजून सोसत नाही. कॅनडाच्या वकिलाने विचारलं, तुम्ही कधी आइस हॉकी खेळला आहात? नाही. स्केटिंग येतं? थोडं. खेळाच्या सामानाचं शिक्षण घेतलंय? नाही. मग ही कल्पना कुठून आली? माझ्या आईच्या दप्तरांवरून. त्यावर स्क्रीनवरच्या चार चौकटींतलं कुणीतरी हसलं. मग वकील म्हणाला, शिबिराआधी हे पाहिलेलं कुणी आहे? “मी म्हटलं, आहे, माझा एक मित्र आहे. तो म्हणाला, तो का नाही आला? मी म्हटलं, ही इज बिझी.” एवढं सांगून मिलिंदने विचारलं, “बरोबर बोललो नं?”

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांनी समझोता केला. पट्ट्यावर दोघींचा हक्क, दोघी विकणार. एकत्र निवेदन निघालं, त्यात उत्तर अमेरिकेच्या हॉकी परंपरेबद्दल बरंच काही होतं. साक्षी-पुरावे बंद लिफाफ्यात गेले. आणि महिनाभराने गिरावीनच्या पत्त्यावर त्या कंपन्यांच्या वकिलांचं पत्र आलं, की यापुढे अशा रचनेचा पट्टा आपण बनवू नये, बसवू नये, सोबतच्या हमीपत्रावर सही करून पाठवावी. त्याने मला फोन केला. “काय करू?” आता तरी मी काही बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “सोड ना यार. एवढ्या मोठ्या लोकांशी कोण भांडणार? सही करून टाक, लेट इट गो, मेट.” तो म्हणाला, “बरं.” मिलिंद सही केली की पाळणारा माणूस. रिंकवरच्या सतरा-अठरा पोरांच्या पॅडना त्याने तो पट्टा लावून दिला होता. प्रत्येकाच्या घरी फोन करून त्याने ते परत मागवले आणि तीन वीकेंड बसून स्वतःच्या हाताने घातलेले टाके उसवले. रुही त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. “तू फाइटसुद्धा नाही केलीस,” एवढं मराठीतून म्हणाली, मग रडत इंग्लिशमध्ये. त्याने तिला माझं नाव सांगितलं नाही. हे मला संगीताने सांगितलं, तो गेल्यावर.

निर्बंध उठल्यावर पहिल्याच शनिवारी मी गिरावीनला गेलो. संगीताने दार उघडलं, चहा केला. मी माफीसारखं काहीतरी बोलायला लागलो, तर ती म्हणाली, “राहू द्या भाऊजी. त्यांना तुमचा राग नव्हता.” आणि पुढे म्हणाली, “मला आहे.” मग कप उचलून आत गेली. बरं वाटलं. खोटं नाही लिहीत, इतक्या आठवड्यांत कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं.

रुही मला गॅरेजमध्ये घेऊन गेली. संगीता तिथे अजून जात नाही. भिंतीवर खिळ्यांना लोकांचं सामान टांगलं होतं, हातमोजे, खांद्याचे पॅड, एक हेल्मेट, दुरुस्तीला आलेलं आणि तसंच राहिलेलं. मशीनपाशी रुहीचे नवे पॅड होते, एक माप मोठे, आणि त्यांच्या मागे साधे चामड्याचे पट्टे होते, बकलवाले. त्यांच्याकडे मला फार वेळ बघवलं नाही. प्रत्येक टांगलेल्या वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. ‘ब्रेट, डावा अंगठा’. ‘केटी, आतलं अस्तर, घाई नाही’. ‘डेव्हचा मुलगा, घाम फार, धुऊन घेणे’. सगळं मराठीत, बारीक, गोल अक्षरांत. रुहीला मराठी वाचता येत नाही. लोकांना त्यांचं सामान परत करायचं तर कोणतं कुणाचं हे तिला कळत नव्हतं, म्हणून मला बोलावलं होतं. मी चिठ्ठी वाचायची, तिने बाबाच्या मोबाइलमध्ये नाव शोधून फोन लावायचा, असं आम्ही करत गेलो. बहुतेकांना बातमी माहीत होती. ते हळू आवाजात बोलायचे, रुही ‘थँक यू’ म्हणायची.

ब्रेटला माहीत नव्हतं. त्याच्या स्क्रीनवर मिलिंदचं नाव दिसलं असणार. फोन स्पीकरवर होता, आणि रुही काही बोलायच्या आत तो आनंदाने ओरडला, “मिल! माय मॅन! कॉलिंग अबाउट माय ग्लव्ह? टेक योर टाइम, मेट. नो रश. नो रश ॲट ऑल.”

रुहीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“ओके,” ती म्हणाली, फोन बंद केला, आणि तो हातमोजा परत त्याच खिळ्याला अडकवला.