दुसरी वाटी

त्या रविवारी तालमीत ट्रेवर दोन वाट्या आल्या. आधीच्या दोन्ही रविवारी एकच होती.

अमेरिकेत ॲन आर्बरला सुनंदाताईंच्या बेसमेंटमध्ये मंडळाच्या नाटकाची तालीम चालायची. त्यांचे यजमान हार्टचे डॉक्टर. नाटक चीनच्या बादशहाच्या राण्यांचं. सुनंदाताईंनी चायनीज दुकानातून एका मालिकेच्या कॅसेट भाड्याने आणल्या होत्या. ते रेशीम, ते दागिने, ते टोमणे. बायका खूश. सुनंदाताई पट्टराणी झाल्या. बाकीच्या राण्या इतर डॉक्टरांच्या बायका. मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये टेक्निशियन, नवरा ड्राफ्ट्समन. मी दासी.

दासीच्या कामाचं मला काही वाटलं नव्हतं. नाटकात कोणीतरी दासी लागतेच. पट्टराणीच्या वाटीतला एक चमचा मी आधी खायचा, विष नाही ना बघायला. मग त्याच वाटीतून तिने खायचं. वाटीत शिरा असायचा. दोन रविवार सुनंदाताईंनी माझ्यामागून तो खाल्ला. एकदा तर म्हणाल्या, "अगं, एक चमचा म्हटलंय. मला ठेव की यार."

त्यानंतरच्या बुधवारी त्या माझा कॉस्च्यूम द्यायला घरी आल्या. भिंतीकडे बघितलं. बुद्धाचा फोटो, शेजारी निळ्या कोटातला फोटो. "तुम्ही बौद्ध?" मी हो म्हटलं. चहा उतू चालला होता. "नको गं, डाएटवर आहे," म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच गेल्या.

आणि रविवारी दोन वाट्या.

"ही तुझी, ही माझी. आजकाल जर्म्सचं काही सांगता येत नाही. त्यात तुझं लॅबचं काम."

लॅबमध्ये मी आधीपासूनच होते. उष्ट्याचा प्रश्न असता तर पहिल्या रविवारीच आला असता. सगळ्या राण्यांना कळलं. सगळ्या बांगड्या बघत बसल्या. आणि मी गुडघ्यांवर बसून माझ्या वाटीतला शिरा खाल्ला. मुकाट. याचीच मला आज जास्त किळस येते.

गाडीत माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "पण आई, पॉइझन तिच्या बाउलमध्ये असेल तर तू दुसरा बाउल का टेस्ट करतेस?"

मी म्हटलं, "बेल्ट लाव."

सोमवारी लंचला मी लिनबाईंना विचारलं. लॅबमधल्या सीनियर, तैवानच्या. त्यांना असल्या मालिकांचं कौतुक नव्हतं. त्यांनी सांगितलं, राण्यांसाठी मुली निवडताना आधी घराणं बघायचे, मग चेहरा. चाकर घराण्यांची यादीच वेगळी. त्यांच्या मुलींना दर वर्षी दासी म्हणून महालात न्यायचे. राण्यांनाही पायऱ्या. कोणाला किती कोळसा, किती कापड, सगळं पायरीवर. जेवताना बादशहासमोर नावांच्या पट्ट्यांचं तबक यायचं. तो जी पट्टी उलटी करील, तिला बोलावणं.

"एखादी दासीसुद्धा पुढे राणी व्हायची. मालिकेत तेवढंच दाखवतात," लिनबाई म्हणाल्या.

"मग ती काय करायची?"

"नव्या दासींना गुडघ्यांवर बसवायची."

माझा डबा तसाच राहिला. आधी घराणं, मग चेहरा. हे मला चीनकडून शिकायची गरज नव्हती. विमानात वीस किलो सामान आणता येत होतं. लोणची, पोह्यांचे पापड, आणि हे. हेही बांधून आणलं होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला शाळेचा हॉल भरलेला. मी गुडघ्यांवर बसले. माझी वाटी बाजूला सारली. पट्टराणीच्या वाटीत चमचा घातला, खाल्ला, आणि लिहिलेलं वाक्य म्हटलं.

"विष नाही, महाराणी. घ्यावं."

सुनंदाताईंनी चमचा उचलला. ओठांपर्यंत नेला. खाली आणला. पुढच्या रांगेतले एक काका हसले, त्यांना वाटलं विनोद आहे.

"दुसरी दे," त्या दात आवळून म्हणाल्या.

मी हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "दुसरी दासीची आहे."

त्यांनी खाल्लं नाही. शे-दीडशे माणसांनी बघितलं, त्यांनी खाल्लं नाही. मी उभी राहिले. वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली, स्टेजच्या पुढच्या पायऱ्यांनी खाली उतरले आणि मुलीला घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंचा फोन. "तू सगळा शो स्पॉइल केलास. इतकं पर्सनली घ्यायचं काय होतं त्यात?"

"शिरा नासला होता का?" मी विचारलं आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी मंडळातल्या दुसऱ्या बाईंनी विचारलं, "या वेळी तुला राणीचा रोल देऊ या का?" म्हणजे माझ्यापुढे दुसरी कोणी गुडघ्यांवर. मी नाही म्हटलं. मला त्या महालातली वरची पायरी नको. महालच नको.

निळ्या कोटातला फोटो आता दारासमोरच्या भिंतीवर आहे. कोणी आलं की "तुम्ही कुठले" विचारायच्या आत मीच सांगते, आम्ही बौद्ध. मग घरातल्याच कपांत चहा ओतते. ज्याला घ्यायचा नाही त्याने डाएट सांगू नये. त्याचे बूट दाराशीच आहेत.